वेदना : मुलांच्या वर्तनामागे काय असते?





रविवारची वंदना संपली की विहाराच्या पायरीवर ज्या आया मला बाजूला घेतात, त्यांची तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. "मॅडम, मुलगा उलट बोलतो." "पोरगी घटका न्‌ घटका मोबाईलमध्ये तोंड घालून बसते." "दीक्षा घेतल्यापासून रोज पंचशील म्हणवून घेतो, पण खोटे बोलणे काही सुटत नाही." ही तक्रार खरीच असते. परंतु तिच्यात मुलाने काय केले एवढेच असते. त्याच्या आधी मुलाला काय झाले, हे कोणी सांगत नाही, कारण ते कोणी विचारलेलेच नसते. आजचा पाठ त्या न विचारलेल्या भागाविषयी आहे.

प्रथम एक शब्द नीट समजून घेऊ. मराठीत वेदना म्हणजे दुखणे, कळ. धम्मात हा शब्द अधिक व्यापक आहे. डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन यांचा कशाशी तरी स्पर्श झाला की जी जाणीव उठते ती वेदना. ती सुखद असेल, दुःखद असेल किंवा दोन्ही नसेल. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा येते. म्हणजे आपण ज्याला वर्तन म्हणतो, ते साखळीत बरेच पुढे असते. झाडाचे पान पिवळे पडले म्हणून आपण पानाला झोडपत नाही, मुळाशी पाहतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण पानच झोडपतो.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. अज्ञ माणसाला दुःखद वेदना होते तेव्हा त्याला एक नव्हे, दोन बाण लागतात असे भगवान बुद्ध तेथे सांगतात. एक शरीराला लागतो, दुसरा मनाला. याच सुत्तात पुढे आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. दुःख झालेला माणूस सुखोपभोगाकडे धावतो; का, तर दुःखातून सुटण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नसतो. तासन्‌तास मोबाईलमध्ये बुडालेली मुलगी किंवा नाक्यावर गुटख्याची पुडी फोडणारा मुलगा पाहिला की मला हे वाक्य आठवते. त्यांना दुसरी वाट कोणी दाखविली आहे काय?

आता आपल्या सर्वांना ठाऊक असलेली एक हकिकत पुन्हा वाचू, पण या दृष्टीने.

सन १९०१. सातारला राहणारा नऊ वर्षांचा भीमराव. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. उन्हाळ्याच्या सुटीत या, असे त्यांचे पत्र आले. मुलांच्या आनंदाला पार राहिला नाही. नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली. भीमराव, थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांचे पत्र शिपायाने वडिलांना दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्यांना ही ब्राह्मणाची मुले वाटली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे असे ठरले. जवळ भरपूर खाणे होते, पण पाणी नव्हते. रात्री नाक्यावरील कारकुनाकडे भीमरावाने पाणी मागितले. गाडीवानाने सांगितल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे तो म्हणाला. संशय येऊ नये म्हणून उर्दूत बोलला. तरी पाणी मिळाले नाही.

पुढे तीसेक वर्षांनी बाबासाहेबांनी हे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने छापले. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, महाडचा सत्याग्रह करून चुकले होते. तरीही त्यांना टोप्या आठवत होत्या, धोतराचा काठ आठवत होता, आणि स्टेशनमास्तरांच्या चेहऱ्यातील बदल आठवत होता. या प्रसंगाचा ठसा मनावरून कधी पुसला गेला नाही, असे ते लिहितात. वर्गात गोणपाटावर वेगळे बसणे त्यांना त्याआधीही माहीत होते. पण नव्या कपड्यांतील आनंदाच्या ऐन भरात बसलेला हा घाव वेगळा होता. मूल जेव्हा सर्वांत आनंदात असते, तेव्हाचा अपमान सर्वांत खोल जातो, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिले आहे.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारते. नाक्यावर त्या रात्री मूल खोटे बोलले. चौथे शील मोडले म्हणून तुम्ही त्याला मारले असते काय?

हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकातून नव्हे. सांगायला संकोच वाटतो, पण त्या गोष्टीत चूक माझीच आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी सातवीच्या वर्गाला निबंध दिला होता : माझा आवडता सण. एका मुलाने घरच्या गणपतीवर सुंदर निबंध लिहिला. मखर, आरती, मोदक, सगळे. मी तो वर्गात वाचून दाखविला. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले, "ह्यांच्या घरी गणपती नसतोच!" मधल्या सुटीत मारामारी झाली. वडिलांना बोलावले गेले. ते इमारतीवर वॉचमन. आदल्याच वर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी कुटुंबासह दीक्षा घेतलेले. त्यांनी शाळेच्या दारातच मुलाच्या कानाखाली वाजविली. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण, आणि तू गणपती बसवतोस? वर खोटे?"

मुलगा रडला नाही. त्यानंतर तो विहारात यायचा बंद झाला, वर्गात बोलायचाही बंद झाला. पाढे विसरू लागला. यात नवल नाही. भ्यालेल्या किंवा अपमानित मुलाचे शरीर पळण्याच्या वा लढण्याच्या तयारीत असते. छाती धडधडते, स्नायू ताठतात. अशा वेळी मन आकड्यांवर ठरत नाही. आपण त्याला "ढ" म्हणतो.

साखळी पाहा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या घरी गणपती बसत होता. तो गेला, का गेला हे मुलाला कोणी बसून सांगितले नाही. आपण मोठ्यांनी तो निर्णय विचार करून, वाचून, सभा ऐकून घेतला. मुलाच्या दृष्टीने मात्र एके दिवशी मखर माळ्यावर गेले आणि शेजारच्या आरतीला जाणे बंद झाले. तेथे पोकळी राहिली. त्या पोकळीवर माझा निबंधाचा विषय पडला. लाज, लाजेतून खोटे, हसण्यातून मारामारी, आणि शेवटी सर्वांसमक्ष बापाचा हात. दुसरा बाण आम्ही दोघांनी मिळून मारला.

मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. वडील प्रथम अवघडले. मग चहा आला आणि ते सहज म्हणाले, "मॅडम, गावाला हॉटेलात आमची कपबशी वेगळी असायची, बाहेर कोनाड्यात. प्यायची, धुवायची, परत ठेवायची. अजून बाहेर कुठं चहा प्यालो की हात आपोआप कप घेऊन मोरीकडे जातो." दारामागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला आवडतं धुवायला." घरात कोणी काही बोलले नाही. बारा वर्षांच्या मुलाने ही गोष्ट प्रथमच ऐकली होती. तो दुसऱ्या दिवशी सुधारला असे मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर केव्हातरी पुन्हा बोलू लागला. विहारात अजून कधी येतो, कधी येत नाही.

आपल्या घरांतून एक वाक्य फार ऐकू येते. "बाबासाहेबांनी केवढे सोसले, तुला काय धाड भरली?" कृपा करून हे म्हणू नका. बाबासाहेबांनी आपले दुःख कोणाचे तोंड बंद करण्यासाठी लिहिले नाही. दुरून पाहणाऱ्याला अस्पृश्यतेचा जाच समजत नाही, तो कळावा म्हणून त्यांनी तपशिलाने लिहिले. आणि त्यांच्यामागे रामजी सुभेदार होते, मुलीचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणणारे. नुसत्या अपमानाने कोणी बाबासाहेब होत नाही. नुसत्या अपमानाने माणूस मोडतो. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी मारहाण, अपमान, घरातील दारू, आईला होणारी मारझोड असे अनुभव ज्यांच्या वाट्याला जितके अधिक, त्यांच्यात पुढे व्यसने, नैराश्य, हृदयविकारसुद्धा तितके अधिक आढळले.

मुलींविषयी वेगळे सांगते. मुलाचा राग निदान दिसतो. मुलीला रागावण्याचीच मुभा नसते, म्हणून तिचे डोके दुखते, पोट दुखते, जेवण कमी होते. शिष्यवृत्तीसाठी "सवलतवाल्या उभ्या राहा" असे म्हटले की वर्गात उभी राहणारी मुलगी मी स्वतः होते. त्या दिवशी माझ्या पोटात दुखायचे ते खोटे नव्हते.

आपल्या बाळकुममध्ये हे अधिक जपायला हवे. कोळशेत पट्ट्यातील कारखाने गेले, टॉवर आले. चाळीतला आणि चोविसाव्या मजल्यावरचा एकाच रस्त्याने शाळेला जातात. तुलना रोज डोळ्यांसमोर आहे. शिवाय २०२० च्या जूनमध्ये येथेच ग्लोबल हबमध्ये हजार खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुले आता किशोरवयात आली आहेत. रुग्णवाहिकेचे भोंगे त्यांनी ऐकले, काहींचे आजी-आजोबा परतले नाहीत. त्याविषयी त्यांच्याशी कोण बोलले?

मूल महिनाभर गप्प असेल, झोप उडाली असेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाची भाषा करीत असेल तर घरगुती उपाय पुरे नाहीत. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. आपल्या ठाण्याला मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, मसूरचा प्रसंग घडला त्याच वर्षीपासून. आणि "ह्याला ठाण्याला पाठवा" ही थट्टाही तितकीच जुनी असावी. या थट्टेनेच लोक डॉक्टरकडे जायला लाजतात. १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आय.पी.एच. संस्थाही ठाण्यात काम करीत आहे. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तेथे मराठीत बोलता येते. ताप आल्यावर आपण लाजत नाही.

घरी काय करावे? सायंकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे बसा. प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगावी, बरी किंवा वाईट. उपदेश करू नये. "का केलेस?" याच्या आधी "काय झाले?" विचारावे. सणांचा प्रश्न आला तर "आपल्यात चालत नाही" एवढ्यावर तोडू नका; आपण का सोडले ते सांगा, आणि वैशाख पौर्णिमेला घरात खीर, नवे कपडे, दिवे असे काही खरोखर आनंदाचे असू द्या. मुलाला शेजाऱ्याचा द्वेष शिकवून धम्म शिकविता येत नाही.

आणि पुढच्या रविवारपर्यंत हा अभ्यास करा. मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी लहान राहुलाला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात तो वाचण्याची शिफारस केली आहे. तेथे मार नाही, ओरडणे नाही. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखविले, ते सांडले, भांडे उपडे केले, सरळ करून रिकामे दाखविले; प्रत्येक वेळी राहुलाला विचारले, हे दिसते का? मग सांगितले की आरशात पाहावे तसे कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे, याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय? तुम्ही घरातला तांब्या घ्या आणि मुलांबरोबर हे करून पाहा. मूल विचारील, "बाबा, तुम्ही कधी खोटं बोललात?" त्या वेळी खरे उत्तर द्या.