प्रथिननिर्मिती रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड आणि जिवाणू खताची परीक्षा

झाशी येथे 1962 पासून भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था कार्यरत आहे. बरसीमसारख्या द्विदल चारापिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून अशा पिकांच्या बियाण्यास रायझोबियम जिवाणू खत चोळतात. मात्र पाकिटात जिवंत जिवाणू पुरेसे आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी कळत नाही. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार भुकटीरूप रायझोबियम खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात.

प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने विरल करून पोषक माध्यमावर पसरवतात व उमटलेल्या वसाहती मोजतात. येथे बुरशीची अडचण येते. ती संपूर्ण तबकडी व्यापते आणि गणना फसते. त्यावर उपाय म्हणून माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड हे प्रतिजैविक मिसळता येते.

पेशीतील रायबोसोम प्रथिने तयार करतात. बुरशी, वनस्पती, प्राणी व मानव यांच्या पेशीद्रवातील रायबोसोम 80एस प्रकारचे, तर जिवाणूंचे 70एस प्रकारचे असतात. सायक्लोहेक्झिमाइड 80एस रायबोसोमच्या मोठ्या घटकाला चिकटून त्याची संदेशवाहक आरएनएवरील वाटचाल थांबवते. प्रथिने न मिळाल्याने बुरशीची वाढ खुंटते. रायझोबियम मात्र वाढत राहते.

याच गुणामुळे ते मानवासही विषारी आहे. म्हणून ते प्रशिक्षित व्यक्तींनी प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून हाताळावे. शेतात त्याचा वापर करू नये.

स्ट्रेप्टोमायसिनचे कार्य याच्या उलट आहे. तेही स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूपासूनच मिळते. परंतु ते 70एस रायबोसोमवर आघात करते. साहजिकच रोगकारक जिवाणूंबरोबर उपयुक्त रायझोबियमही मरू शकतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना पुढील बाबी आवर्जून सांगाव्यात :

1. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण जिवाणू खतात कदापि मिसळू नये.
2. बीजप्रक्रियेत प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक व सर्वांत शेवटी जिवाणू खत वापरावे.
3. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.
4. पाकीट थंड जागी ठेवावे. वापरण्याची अंतिम तारीख पाहूनच खरेदी करावी.

जिवाणू खत ही सजीव निविष्ठा आहे. तिच्यातील जीव पेरणीपर्यंत टिकला, तरच मुळांवर गाठी धरतील आणि खर्च सार्थकी लागेल.