एका दिवसाची सायकल सहल : आमचा हिशोब



जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सातवीची मुलं-मुली सायकलवरून येडशीजवळच्या रामलिंगला जायचं म्हणतोय. गुरुजी आणि बाई बरोबर असणार आहेत. पण निम्म्या घरांतून अजून होकार आलेला नाही. माझी आजीसुद्धा म्हणते, "एवढ्या लांब? आणि मध्ये हमरस्ता?" आजीचं म्हणणं काही खोटं नाही. म्हणून आम्ही काय काय ठरवलं आहे ते इथं लिहितो.

आधी वाट. रामलिंगला जायला डांबरी रस्ता आहेच, पण त्यावर ट्रक फार. म्हणून आम्ही बार्शी लाइटच्या जुन्या भरावावरून जाणार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बार्शी लाइट म्हणजे छोटी रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती काढली. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. पुढे मोठी लाइन झाली. ती टाकताना धाराशिव शहरालाही रेल्वे मिळावी म्हणून मार्ग वळवला, आणि २००८ साली मोठी गाडी सुरू झाली. जुना मार्ग काही ठिकाणी तसाच सुटला. आमच्या शिवारातला भराव त्यातलाच. रूळ गेले, मुरूम राहिला, आणि आता तिथून बैलगाड्या जातात.

हा भराव सायकलला चांगला का? लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, म्हणून रेल्वेवाले मोठा चढ येऊच देत नाहीत. उंच जागा खोदायची, खोल जागा भरायची. त्यामुळं वाट जवळजवळ सपाट. पाचवीतल्या पोरालाही दम लागत नाही. इंग्लंडात ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकलीचा पक्का रस्ता केला आहे. १९७९ ते १९८६ या काळात तो झाला, लांबी २१ किलोमीटर, आणि सुरुवात लोकांनी श्रमदानाने केली. आपला भराव काही पक्का नाही. एका ओढ्यावर पुलाचे गर्डर काढून नेलेत. तिथं उतरून सायकल हातात धरायची आणि ओढ्यातून पलीकडं न्यायची. आणि हो, नव्या लाइनवर गाड्या धावतात, तिच्या जवळपासही कुणी जायचं नाही.

अंतर आम्ही स्वतः मोजलं. बावीस इंची सायकलच्या चाकाला खडूची खूण केली, चाक एक फेरा फिरवलं आणि जमिनीवर टेप लावली. २ मीटर २० सेंटिमीटर भरले. मग आरीला रिबीन बांधली आणि फेरे मोजत भरावावरून सायकल ढकलत नेली. शंभर फेरे झाले की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. शंभर फेऱ्यांचे २२० मीटर. शेवटी २७ चिंचोके झाले, म्हणजे ५,९४० मीटर. सहा किलोमीटर धरायला हरकत नाही. बाकीचं अंतर असंच मोजून धरलं: शाळेपासून पांदण १ किलोमीटर, भराव ६, डांबरी ४, आणि शेवटी रानातला उतार २. एकूण १३.

वर्गात एकाने लगेच तोंडी हिशोब सांगितला, "सायकल तासाला बारा किलोमीटर जाते, म्हणजे पासष्ट मिनिटं." गुरुजी म्हणाले, प्रत्येक वाटेचा वेग वेगळा, तेव्हा प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा करा. तो असा. पांदणीत तासाला ६ चा वेग, १० मिनिटं. भरावावर ८ चा, ४५ मिनिटं. डांबरीवर १२ चा, २० मिनिटं. उतारावर ब्रेक धरून १० चा, १२ मिनिटं. बेरीज ८७. त्यात दोन विसावे २० मिनिटं, हमरस्ता १० मिनिटं, आणि एक पंक्चर अर्धा तास. साडेसातला निघालो तर दहाला पोचतो.

येताना उलटं. देऊळ दरीत आहे, म्हणून जाताना जो उतार तोच येताना चढ. तो सायकल ढकलत चालायचा, दोन किलोमीटरला अर्धा तास. जेवण झाल्यावर, उन्हाचा. सगळं धरून पावणेतीन तास होतात. दीडला निघालो की सव्वाचारला शाळेत. दिवस सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पावणेदोन तास हाताशी राहतात. जाताना साडेनऊपर्यंत हमरस्ता ओलांडून झाला नाही तर पुढं जायचं नाही, अलीकडंच डबे सोडून परत फिरायचं. यावर कुणी रडायचं नाही.

आता आजीचा हमरस्ता. सोलापूर-धुळे रस्ता आम्ही सायकलवर बसून ओलांडणार नाही. सगळे उतरतील, एका रांगेत थांबतील. गुरुजी एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला. चार-चार जण चालत जातील, ते पलीकडं पोचले की पुढचे चार. दुभाजकापाशी पुन्हा थांबायचं.

पंक्चर तर होणारच. भरावावर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत. पंप, सोल्युशन, रबराचे तुकडे, घासपेपर, पान्हा आणि टायर उचलायच्या पट्ट्या एका पिशवीत. भोक शोधायला परात लागते, ती डब्यांच्या पोत्यात जाईल. प्रत्येकाकडं दोन बाटल्या पाणी. जेवायला धपाटे, शेंगाची चटणी, गूळ. रामलिंगला वानरं फार धीट आहेत, कॅरिअरला डबा लावून ठेवला तर तो त्यांचाच. तिथं अभयारण्य आहे, म्हणून कागद-प्लॅस्टिक परत आणायचं आणि ओरडायचं नाही. जटायूची जागा तिथंच आहे असं लोक मानतात. ती गोष्ट बाई तिथं बसून सांगणार आहेत.

एक अडचण मात्र आमच्यानं सुटत नाही. आम्ही सतरा जण, सायकली अकरा. डबलसीट मुरमावर चालत नाही, मागच्या चाकाच्या आऱ्या तुटतात आणि दोघंही पडतात. सहा जणांना ठेवून अकरा जणांनी जायचं असं एकाने सुचवलं होतं, ते वर्गाने मोडून काढलं. कुणाच्या घरी मोठ्या भावाची, काकांची सायकल गोठ्यात पडून असेल तर एका दिवसासाठी द्या. टायर गेलेलं असलं तरी चालेल, शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर आम्ही शाळेच्या ओट्यावर सगळ्या सायकली तपासणार आहोत. ब्रेक, साखळी, घंटी, हवा. ज्या सायकलचे दोन्ही ब्रेक लागत नाहीत ती येणार नाही, मग ती कुणाची का असेना.

या भित्तिपत्रकाखाली खिळ्याला दोन कागद अडकवले आहेत. एकावर मुलाचं नाव लिहून पालकांनी सही करायची. दुसऱ्यावर सायकल देणाऱ्याने नाव आणि सायकल किती इंची ते लिहायचं, म्हणजे कुणाला कुठली बसेल ते पाहता येईल. पेन दोरीला बांधलेलं आहे.