तारा, दात आणि मुलांचा आत्मविश्वास

वयात येणारं मूल हसताना तोंडावर हात नेऊ लागलं, वर्गाच्या फोटोत ओठ घट्ट मिटून उभं राहू लागलं, की घरात दातांचा विषय निघतो. ‘आत्ताच तारा लावून टाकू, म्हणजे पुढे आत्मविश्वास वाढेल,’ असं पालकांना वाटतं. डॉक्टर म्हणून मला हे अर्धंच खरं वाटतं. दातांवरून चिडवल्या जाणाऱ्या मुलाचा आजचा त्रास उपचारांनी कमी होऊ शकतो. पण तारांमुळे जन्मभर पुरेल असा आत्मविश्वास येतो, असं अभ्यासांतून दिसत नाही. हा फरक एकदा लक्षात आला, की तारा कधी लावायच्या हेही बरंचसं ठरून जातं.

ब्रिटनमधल्या एका चाचणीत वरचे दात बरेच पुढे असलेली 8 ते 10 वर्षांची 174 मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली आणि एका गटाला लगेच ‘ट्विन ब्लॉक’ दिला. वर एक आणि खाली एक अशा या काढता-घालता येणाऱ्या दोन प्लेट्स असतात. तोंड मिटलं की त्यांचे उतार एकमेकांवर बसतात आणि खालचा जबडा पुढे धरला जातो. दुसऱ्या गटाला थांबायला सांगितलं. 2003 साली निष्कर्ष आले, तेव्हा प्लेट वापरलेल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत सुधारलेलं होतं आणि इतरांकडून होणारा त्रासही कमी झाला होता. पण हीच मुलं किशोरवयात गेली, थांबलेल्यांचेही उपचार झाले, आणि 2009च्या अहवालात दोन्ही गटांचा आत्मसन्मान सारखाच निघाला. लवकर सुरुवात केलेल्यांच्या दवाखान्यातल्या खेपा मात्र जास्त झाल्या होत्या. वेल्समधल्या कार्डिफला तर 1981 मध्ये 11-12 वर्षांची हजाराहून अधिक मुलं तपासून ठेवली होती. त्यांतल्या 337 जणांना 20 वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा दातांच्या उपचारांचा त्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर फारसा परिणाम दिसला नाही.

मग खर्च आणि खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं, की दहा वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षं चिडवणं सोसत थांबणं हा थोडका काळ नाही. रोज मधल्या सुट्टीत कुणीतरी ‘ससा’ म्हणून हाक मारत असेल, तर ती हाक आज थांबण्याला स्वतंत्र किंमत आहे, मोठेपणी काहीही होवो. शिवाय फार पुढे आलेले दात खेळताना पडलं की तुटतात. लवकर उपचार केले तर असा मार बसण्याचं प्रमाण घटतं, हे वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या 2018च्या आढाव्यातही आलं आहे. अशा मुलांना थांबवू नये. ‘चिडवणाऱ्यांना आवरा, मुलाचे दात कशाला बदलता?’ हा आक्षेप मला मनापासून पटतो. शाळेशी बोलायलाच हवं. पण शाळा सुधारेपर्यंत तू सोस, असं त्या मुलाला सांगणं मला जमणार नाही.

बाकीच्यांनी घाई करू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांत फट दिसते, ती बहुतेक वेळा वाढीचाच भाग असते. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली उतरले की ती बऱ्याचदा आपोआप मिटते. तिरपे दात, अंगठा चोखण्याची सवय किंवा खालच्या दातांच्या आत बसणारे वरचे दात असतील, तर सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्या. दाखवणं म्हणजे लगेच तारा लावणं नव्हे.

आणि तारा हीदेखील मुलाची परीक्षाच असते. पहिले काही दिवस दात ठणकतात, गालाला आतून फोड येतात, चिवड्यातले पोहे तारांत अडकून बसतात, ऊस आणि चिक्की बंद होते. हे साधारण दीड-दोन वर्षं चालतं. ज्याने स्वतः तारा मागितलेल्या नाहीत ते मूल ब्रश करायला कंटाळतं, आणि तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात. म्हणून मुलाला एकट्याला विचारा: तुला तुझ्या दातांचं काय वाटतं? त्याला काहीच खुपत नसेल आणि चावण्यातही अडचण नसेल, तर थांबायला हरकत नाही. मुलीच्या बाबतीत ‘लग्नाच्या वेळी अडेल’ असं तिच्यादेखत बोलणाऱ्या नातेवाइकांना मात्र तिथल्या तिथे थांबवा. तोंडावर हात ठेवायला मुलं पुष्कळदा घरातच शिकतात.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा. फक्त वेळ हाताशी ठेवा. तारा निघाल्यावरही दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर सांगितला तितका काळ वापरावाच लागतो, नाहीतर दात पुन्हा सरकतात.

मूल शाळा टाळत असेल, झोप उडाली असेल, मित्रांत जायचं सोडलं असेल, तर दात सरळ होण्याची वाट पाहू नका. समुपदेशकाची वेळ घ्या, किंवा 14416 या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर आजच फोन करा.