रानातल्या घराचा मालक कोण?

(वाचनपाठ : मोठ्या गटासाठी. पालकांनी मुलांबरोबर बसून वाचावा.)

बालमित्रांनो, नाताळ जवळ आला की आपल्या न्युरेम्बर्गमध्ये लेबकूखनचा घमघमाट सुटतो. लेबकूखन याच शहरात इतके का वाढले, ठाऊक आहे? साखर फार महाग होती त्या काळी गोडीसाठी मध लागे, आणि तो शेजारच्या राइश्सवाल्ड जंगलातून येई. हा मध गोळा करणाऱ्यांना त्साइडलर म्हणत. १३५० साली सम्राट चौथा कार्ल याने त्यांचे हक्क लेखी मान्य केले. फॉइश्त गावी त्यांचे स्वतःचे न्यायालयसुद्धा होते. झाड तुटले तर मध गेला, म्हणून झाड राखण्यात त्यांचेच हित होते.

हीच गोष्ट आजच्या काळात जंगलात राहायला जाणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत कशी लागू पडते, ते आपण पाहू या.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत पुरुषवाडी नावाचे गाव आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. शेती पावसाच्या पाण्यावर. भात निघाला की पुष्कळांना मजुरीसाठी गाव सोडावे लागे. गेल्या सुमारे वीस वर्षांत या गावाने ग्रासरूट्स या कंपनीच्या मदतीने शहरातल्या पाहुण्यांना बोलावायला सुरुवात केली. त्यासाठी मोठे हॉटेल बांधले नाही. पाहुण्याने गावकऱ्याच्या घरी किंवा तंबूत राहायचे, चुलीवरची भाकरी खायची आणि गावातल्याच वाटाड्याबरोबर रान पाहायचे. जो राबेल त्याच्या घरी पैसा, अशी ही रीत.

तिथली खरी गंमत मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण आपल्या फिंग्स्टफेरियनच्या सुमारास! पावसाच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांची भाषा. नर-मादी एकमेकांना त्यावरून शोधतात. विजेरी किंवा मोटारीचे दिवे लावले की त्यांचे बोलणे तुटते. त्यांची अंडी आणि अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात असतात. हजारो पाय पडले की त्या चिरडतात. जवळच्या भंडारदऱ्याला याच दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात.

आता विचार करा. "आज जागा भरली, पुढची गाडी परत जाऊ दे" असे कोण म्हणेल? बाहेरचा ठेकेदार बहुधा म्हणणार नाही. काजवे संपले तर तो दुसरे ठिकाण शोधेल. गावकऱ्याला मात्र दुसरे गाव नाही. म्हणून 'नाही' म्हणण्याचा अधिकार गावाकडे असणे महत्त्वाचे. गाव मालक झाले की सगळे आपोआप सुरळीत होते, असे मात्र नाही. रस्त्यालगतच्या घरालाच पाहुणे मिळाले तर बाकीचे रुसणारच. त्यासाठी पाळी लावावी लागते आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा लागतो.

पुरुषवाडीचे रान पानझडी आहे. खऱ्या वर्षावनातला असाच प्रयोग पाहायचा तर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात जावे लागेल. तेथे तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो नावाची वस्ती आहे. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'नरक', पण आजूबाजूला हिरवेगार अ‍ॅमेझॉनचे जंगल! १९९६ साली या वस्तीने रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स या कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. नफ्यातले ६० टक्के गावाला, ४० टक्के कंपनीला. निर्णयात मात्र दोघांचा वाटा सारखा. १९९८ मध्ये 'पोसादा आमाझोनास' हे पाहुणेघर सुरू झाले. त्याच्या खोल्यांना एका बाजूला भिंतच नाही, थेट जंगल!

करारात नफा आणि निर्णय ही दोन वेगळी कलमे आहेत, हे लक्षात घ्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही तसेच असते. संगणकावर खेळ खेळता येणे वेगळे आणि मुख्य पासवर्ड आपल्या हाती असणे वेगळे.

आणखी पुढचे पाऊल गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने टाकले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून बांबू विकण्याचा परवाना ग्रामसभा स्वतः देऊ लागली. तेथे निर्णय मतदानाने नव्हे, सर्वांच्या सहमतीने घेतात. म्हणजे घरच काय, घराभोवतीचे रानही गावाच्या हाती.

पालकांसाठी : सुट्टीत भारतात जाताना अशा ठिकाणी मुलांना जरूर न्यावे. 'इको' ही पाटी कोणालाही लावता येते, म्हणून आरक्षण करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पैसे कोणाच्या हाती जातात? दर आणि पाहुण्यांची संख्या कोण ठरवते? गावाला नको असेल तर हे बंद करता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तरच गाव खरा मालक.

शब्दार्थ
वाटाड्या – वाट दाखवणारा
पानझडी – ठरावीक ऋतूत पाने गळणारे (रान)
वर्षावन – भरपूर पावसाचे, सदैव हिरवे जंगल
ग्रामसभा – गावातील सर्व प्रौढ मतदारांची सभा
सहमती – सर्वांचा होकार

स्वाध्याय
१. त्साइडलर आणि मेंढ्याचे गावकरी यांच्यातील एक साम्य लिहा.
२. पाहुणेघराला एका वर्षी ५०,००० रुपये नफा झाला. इन्फिएर्नोच्या करारानुसार गावाला किती मिळतील?
३. काजवे पाहायला जाताना पाळायचे तीन नियम तयार करा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या गावाजवळचे रान कोणाचे होते? तिथून सरपण, मध, करवंदे कोण आणत असे? उत्तर पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा.