भूमिरक्षण : एक व्यवसाय

आमच्या साखरखेर्ड्याहून लोणार फार दूर नाहीं. तेथील सरोवर बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. परंतु तें राखण्याचें काम कोण करतो व त्या कामावर पोट भरतां येतें काय, याचा विचार थोड्यांनींच केला असेल.

आकाशांतून आलेला पाषाण काळ्या कातळावर आदळून हें विवर झालें, असें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून तळाशीं खारें पाणी आहे. तें २०२० च्या जून महिन्यांत गुलाबी दिसूं लागलें, तेव्हां नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून तो रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादींत झाला. असें स्थळ एकदां बिघडलें तर मनुष्यास दुसरें घडवितां येणार नाहीं.

आतां व्यवसायाचें पाहूं. नेमलेले विषय घेऊन बारावी झालेल्यास वनरक्षकाच्या भरतींत उतरतां येतें. विज्ञानाचा किंवा शेतकीचा पदवीधर भारतीय वनसेवेची परीक्षा देऊं शकतो. ही सेवा १९६६ सालीं सुरू झाली. अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत मातीचें शास्त्र शिकलेला तरुण उतारावर समतल चर कोठें खणावे, बांध कोठें घालावा, हें सांगूं शकतो. माती तयार होण्यास शतकें लागतात. ती वाहून जाण्यास वळवाच्या दोन सरी पुरतात.

हें काम सोपें नाहीं. रक्षकास आपल्याच शेजाऱ्यास "येथें कुऱ्हाड चालवूं नका" असें म्हणावें लागतें. आणि त्या शेजाऱ्याची चूल तर पेटलीच पाहिजे. केवळ दंडानें रान वाचत नाहीं. सरपण व चारा यांची दुसरी सोय दाखविणारा रक्षकच गांवाचा विश्वास मिळवितो. म्हणून कायद्याइतकीच येथें वनस्पतींचें ज्ञान, नकाशा वाचण्याची संवय आणि गोड वाणी यांची गरज असते.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें किंवा मुलीनें रानांतील नोकरीचें नांव काढल्यास ती हलकी म्हणून हिणवूं नये. विद्यार्थ्यांनो, येत्या पावसाळ्यांत बांधावर उभे राहून ओढ्याचें पाणी पहा. तें गढूळ असेल, तर कोणाचें तरी शेत वाहून चाललें आहे. तें कोणाचें व कां, हें शोधणें हाच या व्यवसायाचा पहिला धडा होय.