मराठी ख्रिस्ती नित्यवाचन आणि प्रार्थनेच्या भाषेचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. ती हिंदी वळणाची असली, तरी मराठवाड्यातील एका विठ्ठलभक्ताची वाणी अन्य धर्माच्या नित्यपाठाचा भाग झाली, ही घटना लहान नव्हे. बायबलचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. बाहेरून आलेल्या या ग्रंथाला मराठी माणसाच्या रोजच्या पाठात जागा मिळवायची होती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास बहुधा धर्मांतराच्या अंगाने झाला आहे. नित्यवाचनाच्या अंगाने तो फारसा झालेला नाही.

नित्यपाठ आणि वाचन यांत फरक आहे. हरिपाठाचे अभंग वारकरी रोज म्हणतो ते नवी माहिती मिळावी म्हणून नव्हे. परिचित शब्द पुनःपुन्हा उच्चारले गेले की ते आचरणात मुरतात, ही त्यामागील धारणा आहे. छापील बायबल मात्र मराठीत आले ते वाचण्याचा ग्रंथ म्हणून, आणि तेही मिशनऱ्यांच्या अनुवादातून.

नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच तो ग्रंथ खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’ या दृष्टीने पाहावी लागते. बायबलमधून उमगलेले सत्य टिळक तेथे पुन्हा पाठाच्या रूपात आणतात. ख्रिस्ताला माउली म्हणून आळवताना त्यांना शब्द शोधावे लागत नाहीत. वारकऱ्यांच्या जिभेवरचे शब्द त्यांच्यापाशी आयतेच होते.

पंडिता रमाबाईंचा मार्ग नेमका उलटा आहे. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. या कामी त्यांची अखेरची अनेक वर्षे गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी छापलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदान्ताची छाया असलेले शब्द त्यांनी कटाक्षाने दूर ठेवले आणि अल्पशिक्षित स्त्रीला कळतील असे शब्द निवडले. टिळकांची भाषा देशी आणि रमाबाईंची रुक्ष, असा निर्णय यावरून सहज दिला जातो; पण तो अन्यायाचा आहे. बालपणापासून पुराणे पाठ असलेल्या या विदुषीला संस्कृतप्रचुर शब्दांचे वैभव ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्या शब्दांनी स्त्रीला कोठे उभे केले हेही तिने पाहिले होते. टिळकांना जो वारसा वाटतो, तोच रमाबाईंना जोखीम वाटतो. अनुवाद म्हणून रमाबाईंचे बायबल ठिकठिकाणी अवघड वाटते, हे मान्य करूनही त्यामागील भूमिका डावलता येत नाही.

या दोन टोकांमध्ये लक्ष्मीबाई टिळक उभ्या आहेत. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या. त्या काळात पंढरपुरातही त्यांचे वास्तव्य होते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या श्रद्धेचा प्रवास तत्त्वचर्चेतून सांगितलेला नाही. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नापाशी त्यांचे मन अडते. उत्तर मिळाल्यावर प्रथम बदलते ते त्यांचे सोवळे, मग मत. १९०० मध्ये झालेला बाप्तिस्मा त्यानंतरचा. पुढे टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन त्याचा बहुतांश भाग त्यांनीच लिहिला. शाळेत न गेलेल्या या बाईने बायबलचा आशय ओवीत आणला, म्हणजे बसून ऐकता येईल आणि घरात रोज म्हणता येईल अशा छंदात. रमाबाईंना जी वाचक हवी होती तीच येथे रचनाकार झाली आहे. छंद मात्र तिने माजघरातूनच घेतला.