सरवा वेचणाऱ्यांना साथ



१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकूर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण मिळालेच नाहीत. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. वडीलधारे गेले की शाळकरी पोरगाच घरचा कर्ता होतो. वाडी डोंगरावरून खाली आली की रान आणि शेत लांब पडते, तरुण मजुरीकडे वळतात.

धान्य-कपडे पोहोचले की आपले काम झाले, असे मला वाटे. रूथच्या पुस्तकाने मला वेगळे शिकवले. नामीने नवरा आणि दोन्ही मुलगे गमावले होते. घर तरुण रूथवर आले. बवाजाने तिला एक पोते देऊन वाटेला लावले नाही. त्याने तिला सरवा वेचू दिला, पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकायला लावली. सातूच्या हंगामापासून गव्हाचा हंगाम संपेपर्यंत ती त्याच्याच शेतात राहिली. कष्ट तिचे, मानही तिचाच. आधार मात्र हंगामभर.

आपत्तीतून उरलेल्या मुलांचाही हंगाम लांब असतो: दहावी, एखादे हुन्नर, पहिली नोकरी. बातम्या थांबल्यावरही आपण त्यांच्यासोबत असू का? या तिमाहीत कुटुंबप्रार्थनेत यावर विचार करू या.